आपल्यात चहा बंद आहे

"हा कप उचल," मालक म्हणाले.

मी उचलला नाही. सकाळी पेपर वाचताना ते पेपरशीच बोलत असत, तेव्हा मला वाटलं, पेपरलाच सांगताहेत.

"मालन, कप उचल म्हणतोय. आजपासून या घरात चहा बंद."

"तुमचा?"

"घरात म्हणालो."

मुलगा नोकरीला पुण्यात. घरात आम्ही दोघंच, म्हणजे घर म्हणजे मीच. आलं ठेचून घातलेला, नीट उकळलेला चहा मी मोरीत ओतला. माझा कप ओट्यावर होता, तो ओतायच्या आधी दोन घोटांत संपवला. हुकूम मोडायचा म्हणून नव्हे. मालकांचे हुकूम स्वयंपाकघरापर्यंत पोचायला थोडा वेळ लागायचाच.

मालक म्हणजे माझे यजमान, दुंडाप्पा खारगे. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग होते, तेव्हा कामगार त्यांना मालक म्हणत. लग्न होऊन आले तशी मीही म्हणायला लागले. फरक एवढाच, की कामगारांना आठवड्याला पगार मिळायचा. शेडच्या दाराशी कांड्या भरायचं मशीन होतं. मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळणारं. त्यावर मी बसायची. स्वयंपाक उरकला की कांड्या, कांड्या उरकल्या की स्वयंपाक. पुढे जुने माग परवडेनात, मालकांनी ते भंगारात घातले आणि आम्ही जयसिंगपूरला एका नव्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनी इतकी शांत, की कुणी भाजीला फोडणी दिली तर चार घरांना कळावं.

त्या शांततेनं मालक हैराण झाले. दुपारी जेवून आडवे झाले की त्यांना कुठूनतरी शिट्टी ऐकू यायची. आधी त्यांनी शेजारच्या मगदुमांच्या पाण्याच्या मोटारीवर आळ घेतला. मगदूम भला माणूस, त्यांनी मोटार बंद करून दाखवली. मग कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीचा नंबर लागला. वायरमन आला, चढला, उतरला आणि म्हणाला, "काका, मला तर काय ऐकू येत न्हाई." मालकांनी त्याला कान तपासून घ्यायला सांगितलं. मग आमचा फ्रीज. बटण बंद करून ते त्याच्या दाराला कान लावून बसले. दूध नासलं, शिट्टी राहिली. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली तर ती आणखीच स्पष्ट झाली, तेव्हा कुठं त्यांना शोध लागला, की आवाज गावाचा नसून त्यांचा खाजगी आहे.

"कसला येतो?" मी विचारलं.

"बारीक शिट्टी. एकसारखी. थांबतच नाही."

"मग?"

"मग काय मग? माणसाच्या डोक्यात शिट्टी वाजतेय आणि मग म्हणतेस?"

यात एवढं काय, ते मला कळलं नाही. पण मालकांच्या पुष्कळ गोष्टी मला कळत नसत आणि त्यावाचून संसार अडला नव्हता.

घरात आजार आला म्हटल्यावर दाजी येणारच. दाजी म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, विलासराव. हयात खतांच्या दुकानात गेली. निवृत्त झाल्यावर मुलानं मोबाइल घेऊन दिला आणि तेव्हापासून त्यांना सगळं कळायला लागलं होतं. आमच्या नात्यात कुणाला शिंक आली तरी दाजी तिचं मूळ सांगत.

"दुंडाप्पा, दिवसाला चहा किती?"

"मोजलाय कुणी?"

"तिथंच तर घोळ आहे. चहात कॅफीन असतं. कॅफीन पोटात गेलं की रक्ताच्या नळ्या आवळतात. नळ्या आवळल्या की कानाला रक्त कमी. रक्त कमी पडलं की कान बोंब मारतो. तुझी ती शिट्टी म्हणजे कानाची बोंब."

मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते. दाजींनी त्यातला कप उचलला.

"तुम्ही पिताय की," मी म्हणाले.

"माझ्या कानात कुठं शिट्टी आहे?" असं म्हणून त्यांनी कप संपवला आणि मालकांनी न घेतलेला दुसराही, वाया जाऊ नये म्हणून. "एक महिना चहा सोड, दुंडाप्पा. आवाज गेला नाही तर मला विचार."

विचारायचं काय, हे काही त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी कप उचलायला लावला, तो यावरून.

चहापत्तीचा डबा मालकांनी कॉलनीच्या वॉचमनला देऊन टाकला. त्याच्या कानांचं काय होईल, याचा विचार त्यांनी केला नसावा. चहाच्या जागी धने-जिऱ्याचा काढा सुरू झाला. दोन-तीन दिवसांत त्यांचं डोकं असं ठणकायला लागलं, की उजेडही सोसवेना. भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून भांडण झालं, मुलाशी फोनवर भांडण झालं, आणि कुणीच सापडलं नाही तेव्हा माझ्याशी. मेडिकलमधून डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की तासाभरात माणूस टवटवीत. "बघ," ते म्हणायचे, "चहा सुटला की अंगात कशी हुशारी येते."

"आणि शिट्टी?" मगदुमांनी एकदा कुंपणावरून विचारलं.

"निम्मी झालीय."

आत येऊन बघावं तर मालक भिंतीकडे तोंड करून कानात बोटं घालून बसलेले. निम्मी कुठं दिसते का, ते शोधत.

मी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ देवळात जायला लागले. उतारवयात बायको देवाधर्माला लागली म्हणून मालकांना बरं वाटलं. देऊळ कॉलनीच्या टोकाला आणि मगदुमांचं मागचं दार त्याच्या अलीकडे. मगदूमवहिनी जाळीतून मला बघून म्हणायच्या, "या, देव उकळायला ठेवलाय." तिथं बसून आम्ही दोघी कपभर देव घ्यायचो आणि मी वेलदोडा चघळत घरी यायची.

असं ते सगळ्यांच्या सोयीनं चाललं होतं. महिना भरला असता, मालकांनी शिट्टी पाव झाली म्हणून जाहीर केलं असतं आणि गोष्ट संपली असती. पण एका रविवारी सकाळी सिद्रामभावजी आले.

सिद्राम मालकांचा धाकटा भाऊ. वाटणीच्या वेळी शेडमध्ये मधली भिंत घालायची होती. ती वीतभर इकडे घ्यायची की तिकडे, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते कित्येक वर्षं बंदच राहिलं. एकाच शेडला दोन दारं झाली. माझी जाऊ शोभा आणि मी कपडे वाळत घालताना एकमेकींकडे बघून मान हलवायचो, तेवढंच. आमचे माग भंगारात गेले त्या दिवशी भावजी त्यांच्या दारात येऊन उभे राहिले होते, पण बोलले नव्हते. आणि आज ते आपल्या पायांनी येऊन आमच्या दारात उभे होते, हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"ये," मालक म्हणाले.

भावजी खुर्चीच्या कडेवर बसले. आमच्या घराण्यात सगळेच मोठ्यानं बोलतात, मागांनी लावलेली सवय ती. पण त्या दिवशी दोघं इतके हळू बोलत होते, की दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत नसावं. मी स्वयंपाकघराच्या दारातून दोघांची तोंडं बघत होते.

"बरा आहेस का दादा?"

"आहे की. तू?"

"चाललंय. नागेशचं ठरलं. पोरगी रेंदाळची."

"नागेशचं? एवढा झाला तो?"

"झाला की. मांडवात थोरलं माणूस म्हणून तू उभा राहायला पाहिजेस." भावजींचा हात पिशवीत गेला, पत्रिकेचं पिवळं टोक बाहेर आलं आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले.

ते काय बघत होते, ते मला माहीत होतं. आमच्याकडची पुरुष माणसं चुकलं असं म्हणत नाहीत, माफ कर असंही म्हणत नाहीत. समोर चहा येतो, दोघं पितात, झालं. मी वाटी घेऊन मागच्या दारानं मगदुमांकडे पत्ती आणायला निघालेच होते. तेवढ्यात भावजींनी आपणच हाक मारली. "वहिनी, चहा टाका की."

"चहा नाही," मालक म्हणाले. "आता आपल्यात चहा बंद आहे."

आमच्या भागात आपल्यात म्हणजे आपल्या घरात. आणि आपल्यात म्हणजे तुझ्यामाझ्यातही. मालक पहिलं बोलले. भावजींनी दुसरं ऐकलं.

"बंद आहे?"

"कायमचा. विष आहे ते. मी सोडलं, बरं वाटतंय. मालन काढा आणेल."

"काढा?"

"जरा उग्र लागतो. सवय होते."

पिवळं टोक पिशवीत परत गेलं. भावजी उठले. "बरं आहे दादा. तुमच्यात सवय झालीय ते तुम्हीच प्या."

"अरे, बस की, दोन मिनिटांत..."

ते पायऱ्या उतरलेसुद्धा. मी रिकामी वाटी घेऊन मागच्या दारानं धावले. "भावजी, कानासाठी सोडलाय हो, कानासाठी," असं ओरडत फाटकापर्यंत गेले. त्यांनी हेल्मेट घातलं होतं, स्कूटर सुरू झाली होती. त्यांना वाटलं असावं, मी निरोपाचं काही म्हणतेय. त्यांनी हात हलवला आणि गेले.

आत आले तर मालक काढ्याची वाट बघत होते.

"गेला कसा काय असा?"

"तुम्ही त्यांना घालवलंत."

"मी? मी तर मांडवात उभा राहायला तयार होतो."

"तुम्ही म्हणालात, आपल्यात चहा बंद आहे."

"आहेच बंद. त्यात कॅफीन आहे, हे कळत नाही का त्याला?"

मी त्यांच्यासमोर बसले. सहसा मी बसत नसे, उभ्या उभ्या ऐकून कामाला लागायची. "एवढ्या वर्षांनी भाऊ आला. हातात पत्रिका होती. तुम्ही त्याला सांगितलंत, आपल्यात विष आहे, आणि तुला काढा देतो. आता मला सांगा, त्यानं काय समजायचं?"

मालक उठून दारातून फाटकाकडे बघून आले. मग म्हणाले, "जाऊन सांगू का त्याला?"

"काय सांगणार? दाजी म्हणाले म्हणून? दाजींचं नाव काढलंत तर भावजी दारसुद्धा उघडणार नाहीत." हे खरं होतं. वाटणीच्या वेळी भिंत कुठं असावी, तेही दाजींनीच सांगितलं होतं, दोघांना वेगवेगळं. "उद्या मिरजेला जायचं. कानाच्या खऱ्या डॉक्टरला विचारायचं. चहानंच होतंय म्हणाले तर मी जन्मभर काढा उकळीन. नाही म्हणाले तर तुम्ही भावजींच्या घरी जाऊन ते देतील तेवढा चहा प्यायचा."

"आणि तू?"

"मी देवळात जाते ते पुरे आहे."

मिरजेच्या डॉक्टर बाई होत्या, शिरीन मुजावर. वयानं आमच्या मुलाएवढ्या. त्यांनी मालकांना काचेच्या खोलीत बसवून कान तपासले, मग समोर बसवून सगळं विचारलं. मालकांनी मोटार, डीपी, फ्रीज सगळं सांगितलं. फ्रीजला कान लावल्याचं मात्र गाळलं, ते मी सांगितलं.

"किती वर्षं मागात होतात?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"कानाला काही लावायचात? कापूस वगैरे?"

मालक हसले. मागावर बसून कानात कापूस घालणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता.

"काका, कानातले बारीक तंतू गेलेत. एवढ्या वर्षांच्या खडखडाटानं. बारीक आवाज तुम्हाला बाहेरून ऐकू येत नाहीत, म्हणून डोकं स्वतःच एक वाजवत बसतं. आधीही असणार तो, मागांच्या आवाजात कळला नाही एवढंच."

"चहानं नाही?"

"चहा सोडलाय का तुम्ही? मग आवाज कमी झाला?"

"थोडा..."

"नाही," मी म्हणाले.

"चहा सोडल्यावर डोकं दुखलं असेल."

"फुटायची वेळ. पण गोळी घेतली की थांबतं." मालकांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्यांना हसू आवरेना.

"यात कॅफीन आहे, काका. सवयीचा चहा एकदम तोडलात म्हणून डोकं दुखतंय, आणि कॅफीन मिळालं म्हणून थांबतंय. तुम्ही चहाच घेताय, फक्त आलं नाही त्यात."

मालकांनी पाकीट परत घेतलं आणि त्यात दाजीच बसले असल्यासारखं त्याकडे बघत राहिले. डॉक्टर उठून कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेल्या. मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते. एवढ्याशा छिद्रात एवढी भानगड असेल, असं वाटलं नव्हतं. मालकांनी मला कोपरानं ढोसलं.

"अगं, विचारताहेत त्या."

"काय?"

डॉक्टर हात पुसत वळल्या होत्या. "तीनदा विचारलं, ताई. तुम्हीपण चहा सोडलात का?" त्या जवळ येऊन बसल्या. "माझं तोंड दिसत नव्हतं ना? तुम्ही ओठ बघून बोलणं ओळखता. यांचेही कान तपासू."

"तिचे कशाला?" मालक म्हणाले. "तिला काही नाही. कधी तक्रार करत नाही ती."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाल्या.

काचेच्या खोलीत एका मुलीनं माझ्या कानांवर मोठ्या वाट्यांसारखं काहीतरी चढवलं आणि हातात बटण दिलं. "कानात आवाज आला की दाबायचं, मावशी. थांबला की सोडायचं. कितीही बारीक असू दे." दार लागलं. आत इतकं शांत होतं, की इतकं शांत मी आयुष्यात कधी बसले नव्हते. मी बटण दाबलं.

काचेपलीकडून मुलगी हात हलवायला लागली. मी हसून मान हलवली. तिनं दार उघडलं.

"मावशी, बटण सोडा. मी अजून आवाज सुरू केला नाही."

"सुरू आहे की."

"नाही हो. मशीन बंद आहे अजून."

"येतोय मला. शिट्टीसारखा. दोन्हीकडे. डाव्यात जरा जास्त."

मुलगी थांबली. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली. दार उघडंच होतं आणि मला बाहेर बसलेले मालक दिसत होते.

"हा आवाज तुम्हाला कधीपासून येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "काय माहीत. पहिल्यापासून. शांत असलं की येतोच ना तो? सगळ्यांनाच?"

"सगळ्यांना नाही येत, ताई."

मला ते खरं वाटेना. मला वाटायचं, शांतता म्हणजे ही शिट्टी. शांततेला आवाज असतो, तो असा. म्हणून तर मालक जेव्हा मोटारी आणि डीप्या धुंडाळत फिरत होते, तेव्हा मला कळत नव्हतं, की हा माणूस एवढं काय शोधतोय. माझं जन्माचं ऐकणं त्यांना महिन्यापूर्वी ऐकू आलं होतं, आणि त्यांनी त्याचा वायरमनपर्यंत गाजावाजा केला होता.

सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर घेतलं. "यांचे कान तुमच्यापेक्षा जास्त गेलेत, काका."

मालकांना ते पटेना. घरातला आजार त्यांचा होता. "असं कसं? माग माझे होते. हिनं माग कधी चालवला नाही."

"मग शेडमध्ये त्या काय करायच्या?"

"कांड्या भरायची. मी सूत आणायला, कापड द्यायला बाजारात असायचो, ही आपली बसून. दाराशीच मशीन होतं, सगळ्या मागांच्या तोंडासमोर..."

तिथं मालकांनी माझ्या कानांकडे बघितलं. 

"चहाचं राहिलं," मी म्हणाले, कारण मला त्यासाठी पुढं एका घरी जायचं होतं. "मला खरं सांगा. आणि आधी मीच खरं सांगते. मी चहा सोडलेला नाही. रोज दोनदा पिते, शेजारी."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "देवळात?"

"देवळाच्या अलीकडे."

डॉक्टर म्हणाल्या, "मग तर छानच झालं. एकानं सोडला, एकीनं चालू ठेवला, आणि दोघांची शिट्टी जिथल्या तिथं. मोठ्या अभ्यासांतही लोकांना चहा-कॉफी सोडायला लावून बघितलंय. त्यानं आवाज गेला असं काही हाती लागलेलं नाही. एखाद्याला स्वतःला वाटलं की चहानं वाढतो, तर त्यानं कमी करावा. झोपायच्या आधी नको. बाकी खुशाल प्या. तुमचा आवाज चहाचा नाही."

औषध नव्हतं. ऐकायची मशीनं लावली तर बरं पडेल, दुपारी पंखा नाहीतर रेडिओ बारीक चालू ठेवा, आणि मोठ्या आवाजापासून लांब राहा, एवढं सांगितलं.

इचलकरंजीच्या एसटीत मालक खिडकीशी बसले होते. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुझी कशी आहे?"

"काय?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "शिट्टी. कशी आहे?"

"एरवी बारीक. कधीकधी वाफेसारखी होते. माग बंद करून झोपायला गेलो की जास्त असायची."

"सांगितलं नाहीस कधी."

"तुम्हाला वाटलं ती तुमचीच आहे. मला वाटलं ती सगळ्यांचीच आहे. कुणी कुणाला सांगायचं?"

ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. काही वेळानं त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. बाहेरचा आवाज कमी झाला. माझी शिट्टी वाढली, पण मी बोलले नाही, कारण काच त्यांनी माझ्यासाठी लावली होती.

भावजींच्या शेडमध्ये माग चालू होते. आत पाऊल टाकलं आणि डोक्यातली शिट्टी बुडून गेली. ती अशी बुडते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मागात कुणी तोंडानं बोलत नाही, हातांनी बोलतात. भावजींनी आम्हाला बघितलं आणि जागचे हलले नाहीत. मालकांनी अंगठा ओठांकडे नेऊन वाकवला. चहा. भावजींनी पंजा आडवा फिरवला. बंद.

मालकांनी मग जे केलं, ते दुसऱ्याच्या शेडमध्ये कुणी करत नाही. ते भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे माग एकेक करून थांबले.

"सिद्राम, मला चहा पाहिजे," मालक म्हणाले.

"काय?"

"चहा पाहिजे."

"आपल्यात बंद आहे ना?"

"घरात बंद होता रे. कानासाठी सोडला होता मी. कानात शिट्टी वाजते म्हणून."

भावजींनी मालकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मालकांकडे. "शिट्टी? ही वाजते ती?" त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट केलं. "ही कुणाला नाही? एवढ्यासाठी तू चहा सोडलास?"

दाराशी उभा असलेला कामगार मान हलवून हसला. त्यालाही होती.

"डॉक्टर म्हणाल्या, चहाचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "शोभा कुठंय?"

शोभा आतून सगळं ऐकत होती. तिनं आधण आधीच ठेवलं होतं.  समोर चहा आला, दोघं प्याले. मालकांनी तीन कप घेतले आणि तिसऱ्यानंतर म्हणाले, की डोकं किती हलकं वाटतंय. पत्रिका शोभानं माझ्या हातात दिली, कुंकू लावून.

दाजींच्या घरी जाऊन मालकांनी माझ्यासमोर त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मीठ असणार." घरी आल्यावर मालक मिठाचं नाव काढतात की काय म्हणून मी बरणी हाताशी घेऊन उभी राहिले. त्यांनी नाव काढलं नाही. वय झालं होतं माणसाचं, थोडं शहाणपण यायचंच.

लग्न रेंदाळला झालं. मुलीकडच्यांनी हौसेनं बायकांच्या बैठकीच्या बरोबर वर कर्णा बांधला होता. शेजारच्या बाईशी खुणांनी बोलायची पाळी आली. मला त्याचं काही वाटलं नाही, खुणा मला येतच होत्या. मालक मांडवात थोरले म्हणून फेटा बांधून उभे होते, भावजींच्या शेजारी. अक्षता वाटणं चालू असताना ते तिथून निघाले आणि बायकांमधून वाट काढत कर्ण्याच्या खांबाशी आले. लोकांना वाटलं, काही मानापानाचं बिनसलं. मशीनवाल्याला त्यांनी आवाज कमी करायला सांगितलं.

"पार्टीची ऑर्डर आहे, काका."

"मी मुलाचा चुलता आहे. बंद कर तो. माझ्या बायकोच्या कानाला त्रास होतोय."

हे त्यांनी मागवाल्याच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे कर्णा चालू असूनही सगळ्या मांडवानं ऐकलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नवऱ्यानं चारचौघांत बायको म्हणायचीही आमच्यात पद्धत नाही. मशीनवाल्यानं वायर काढली. मालक फेटा सावरत परत जाऊन उभे राहिले आणि पुढं मंगलाष्टकं भटजींच्या नुसत्या तोंडानं झाली.

सबंध जन्मात मालकांनी माझ्यासाठी एकदा आवाज बंद करायला लावला, आणि तोही लोकांचा. पण मी त्या दिवशी त्यांना तसं म्हणाले नाही. मी पदर सारखा केला आणि मंगलाष्टकं ऐकली. बरीचशी ऐकू आली.